न मोजलेल्या कांड्या

आई गेली तेव्हा बारावीच्या वर्गाला राष्ट्रीय उत्पन्नाचा धडा माझा अर्धाच शिकवून झाला होता. तेरवी आटोपली आणि मी पवनीच्या आमच्या कॉलेजात परत गेले. लोक म्हणाले, कामात राहिलीस तर मन रमेल. रमायला मन जागेवर तर हवं. मला काहीच वाटत नव्हतं, रडूही येत नव्हतं. फळ्यावर तारीख लिहिली आणि उरलेला धडा सुरू केला.

घरी बाबांचा हातमाग. बाबा विणायचे आणि आई रहाटावर कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायचं सूत गुंडाळून द्यायची. चुलीवर भात, मांडीजवळ रहाट. विणकराच्या घरी हे काम बायकोचंच. त्याची मजुरी कुणी विचारत नाही, मग देणार कोण? आता बाबांनी शेजारच्या काकूंना रोजीनं कांड्या भरायला सांगितलं आणि स्वयंपाकाला एक बाई लावली. माग बंद पडू नये एवढंच त्यांना हवं होतं. तो थांबला तर बाबांचं काय करायचं, हे मला सुचत नव्हतं.

वर्गात मी सांगितलं, घरात फुकट रांधलेलं राष्ट्रीय उत्पन्नात धरत नाहीत. पैसे देऊन रांधून घेतलं की धरतात.

पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. "मॅडम, मंग घरची बाई मेली, त देशाचं उत्पन्न कमी नाही होत काय?"

शेजारणीनं तिला कोपर मारलं. गाव लहान, सगळ्यांना ठाऊक होतं.

"नाही," मी म्हटलं, "तिच्या जागी पगारी बाई लावली तर उलट वाढतं."

उत्तर बरोबर होतं. मी पुढचा मुद्दा घेतला. मला त्या पोरीचा रागही आला नाही.

महिनाअखेरीस व्यापारी लुगडी घेऊन गेला. सुताचे पैसे आणि काकूंची मजुरी वजा केल्यावर बाबांच्या हातात जवळजवळ काही उरलं नाही. त्यांनी हिशेब पुन्हा केला, तरी तेच.

"चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला," ते म्हणाले. "काकूले सांगून दे, उद्यापासून नको येऊ."

"सुटीच्या दिवशी मी भरून देत जाईन ना, बाबा."

"कायले? तू बी फुकट?"

मागावर अर्धं लुगडं होतं. बाबा त्याच्यासमोर जाऊन बसले.

"मले वाटे, माग कमावते अन् मी तिले पोसून राहिलो," ते म्हणाले. "जे उरे, ते तिचीच मजुरी होती, बाई. अन् मी तिलेच ते घरखर्चाले मोजून देत होतो."