आक्काला आलेला मराठी फोन

आक्काने निपाणीत तीस-पस्तीस वर्षं विड्या वळल्या. मांडी घालून बसून बसून तिचे गुडघे गेले. काम सुटल्यावर फंडाचे पैसे खात्यात आले, ते तिने गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी राखून ठेवले. मी तिचा धाकटा भाऊ, बेळगावात ऑफिसात नोकरी करणारा, म्हणजे घरातला शहाणा. तिच्या मोबाईलवर बँकेचं ॲप मीच घालून दिलं आणि वर दम भरला, "ओटीपी कुणाला सांगायचा न्हाय. देव आला तरी न्हाय."

बँकेतले साहेब कानडी बोलायचे. आक्काचं कानडी बाजारापुरतं. काउंटरवरून ती दर वेळी मान खाली घालून परतायची. त्यामुळे एका दुपारी फोनवरून कुणीतरी "आक्का, बँकेतनं बोलतोय, जेवलासा न्हवं?" असं विचारलं, तेव्हा ती हरखून गेली. बँक तिच्याशी पहिल्यांदाच मराठीत बोलत होती. खातं बंद पडतंय, पाच मिनिटांनी परत फोन करतो, असं तो म्हणाला.

त्या पाच मिनिटांत तिने मला फोन केला. "कामात हाय गं, सारखं काय तुझं!" म्हणून मी तो ठेवला. मी चहा पीत होतो.

त्याचा फोन मात्र वेळेवर आला. तिने त्याला मोबाईलवर आलेले ओटीपीचे आकडे वाचून दाखवले आणि गुडघ्यांचे पैसे खात्यातून गेले.

मला हे तिसऱ्या दिवशी कळलं, तेही शेजारणीकडून. मी निपाणीला गेलो आणि गल्लीच्या देखत तिला फाडून खाल्लं. मोठ्या बहिणीला गाढव म्हणालो. खोटं कशाला सांगू, म्हणताना बरं वाटत होतं. ती भिंतीला धरून उभी होती.

तिला तसंच पोलीस ठाण्यात नेलं. तिथले साहेब कानडीतच म्हणाले, त्याच दिवशी कळवलं असतं तर पैसे वाटेत अडवता आले असते, आता अवघड आहे. दोन दिवस का गप्प बसलात?

मी तिच्या वतीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात आक्काने माझ्याकडे बोट केलं आणि आपल्या मोडक्या कानडीत साहेबांना सांगितलं, ह्याला भिऊन.