सुई नको म्हटल्यानंतर

रिपोर्टवर लाल अक्षरांत ‘हाय रिस्क’ छापलं होतं. मुलुंडच्या लॅबमधून तो मीच आणला आणि घरी येताना रिक्षात वाचला. मी सदतीस वर्षांची, तिसरा महिना संपत आलेला. आधीचे दोन गर्भ याच सुमारास पडले होते.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, “बाळाला डाउन सिंड्रोम आहेच, असा याचा अर्थ नाही. शक्यता जास्त आहे, एवढंच. आणखी एक रक्ताची तपासणी करता येते. पण पक्कं कळायला पोटात सुई घालून बाळाभोवतीचं पाणी काढावं लागतं. त्यात गर्भ जाण्याचा थोडा धोका असतो. करायचं की नाही ते तुम्ही ठरवा, घाई नाही.”

नवऱ्याने लिफ्टमध्येच ठरवून टाकलं. “करू सगळं. आणि तसं काही निघालं तर ठेवायचं नाही.”

लिफ्टमध्ये आणखी दोघं होते. घरी पोचल्यावर म्हटलं, “मी सुई घेणार नाही. रक्तही देणार नाही.”

“का?”

“दोन गेली माझी. तिसरं मी स्वतःहून धोक्यात घालणार नाही. आणि रिपोर्ट कसाही आला तरी मी ते पाडणार नाही, मग कळून करू काय?”

“तू एकटी ठरवणार? उद्या सांभाळायचं कोणी?”

सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. सासऱ्यांची मिल बंद पडल्यावर पापडाच्या लाट्या लाटून त्यांनी तीन पोरं वाढवली होती. कष्टाला त्या कधी घाबरल्या नाहीत. पण म्हणाल्या, “गो बाय, तपासून घेतलंस तर काय बिघाडतला? आमच्या घराण्यात असला कोण नाय.”

त्यानंतर सहा महिने घरात माझ्या पोटाबद्दल कोणी बोललं नाही. डोहाळजेवण झालं नाही. नवरा सोनोग्राफीला यायचा, पण पडद्याकडे बघायचा नाही, मोबाइल बघायचा. मला सगळे हट्टी समजत होते. खरं तर मी भेदरलेली होते. अंधेरीच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत अशा मुलांचे फोटो बघत बसायचे आणि कोणी आलं की फोन पालथा घालायचे.

कळा सकाळी सुरू झाल्या. घाटकोपरच्या ज्या हॉस्पिटलात नाव घातलं होतं, तिथे साधं बाळंतपण मिडवाइफ, म्हणजे त्याचं खास शिक्षण घेतलेल्या सिस्टर करत, डॉक्टर गरज पडली तरच. मला मिळाली ती सिस्टर पन्नाशीची, खारदांड्याची कोळीण होती. तिने माझी फाइल शेवटपर्यंत वाचली आणि मिटून ठेवली. लाल अक्षरांबद्दल एक शब्द काढला नाही.

“झोपून राहू नको. चाल. कळ आली की मला धर.”

मी तिला धरलं. ती तळव्याने माझी कंबर दाबून धरायची, गरम पाण्याची पिशवी ठेवायची, घोट घोट पाणी पाजायची. दुपारपर्यंत मी किंचाळायला लागले.

“आवाज वर नको गं नेऊ, ताकद वाया जाते. खालून काढ, म्हशीसारखा. लाज कसली? इथे कोण ओळखतंय तुला?”

एकदा तिने विचारलं, “मिस्टरांना बोलावू? आत यायची परवानगी आहे.” ती जाऊन आली आणि म्हणाली, “त्यांना बघवणार नाही म्हणतात. चल, आपण दोघी करू.”

चारच्या सुमाराला, गुडघ्यांवर, पलंगाची कड धरून मी मुलीला जन्म दिला. सिस्टरने ती ओलीच माझ्या छातीवर ठेवली. आणि मी काय केलं? मी तिचे डोळे तपासले. मग तळहात उघडून रेषा बघितल्या; अशा मुलांना बऱ्याचदा एकच आडवी असते, असं वाचलं होतं. सिस्टर बघत होती.

“झालं बघून?” ती हळूच म्हणाली. “आता तिला जवळ घे.”

लेकीला तपासून मुलांचे डॉक्टर गेले, मग सिस्टर बाहेर गेली. दार अर्धं उघडं होतं. नवऱ्याचा आवाज आला, “नॉर्मल आहे ना?”

“मुलगी आहे. चांगली आहे. आणि बायको पण ठीक आहे तुमची. तुम्ही विचारलं नाही, म्हणून सांगते.”

मग सगळे आत आले. पेढे आले. सासूबाईंनी नातीची दृष्ट काढली. नवरा रडला, माझ्या कपाळावर हात ठेवला. तो हात मला नको होता, पण ढकलायचीही ताकद उरली नव्हती.

लेक आता पाच वर्षांची आहे. तो तिच्यावर जीव टाकतो, हे मी नाकारणार नाही. तिची वेणीसुद्धा तोच घालतो. तिच्यात काही निघालं असतं, तर हाच माणूस कसा वागला असता, ते मला माहीत नाही. त्यालाही नसावं. पण तिची वेणी घालणारी ती बोटं मी बघते तेव्हा मला हेच आठवतं, आणि मी दुसऱ्या खोलीत जाते.

परवा त्याच्या मित्राच्या बायकोला असाच रिपोर्ट आला. दोघं घरी आले होते, ती रडून सुजलेली. नवरा तिला समजावत होता, “वहिनी, घाबरू नका. आमचंही असंच झालं होतं. आम्ही ठरवलं, जे येईल ते आपलं.”

मी चहा देत होते. लेक तिथेच जमिनीवर चित्र रंगवत होती, म्हणून मी काही बोलले नाही.