हळकुंडाचा दोरा

घोटावड्याजवळच्या स्कॅन सेंटरमधल्या मावशी, मशीनजवळ धातू चालत नाही म्हणून बायकांचं मंगळसूत्र उतरवलं की लगेच गळ्यात हळकुंडाचा दोरा बांधतात. दिवसभर मशीनपाशी असल्याने त्यांच्याही गळ्यात तोच असतो. माझ्या कण्यातली जन्मजात गाठ फुटली आणि तिच्यातल्या चरबीचे थेंब पार मेंदूपर्यंत गेले, तेव्हापासून मी दर वर्षी तिथे जाते. यंदा डोकं पुन्हा दुखायला लागलेलं, म्हणून घाबरले होते. त्यात दोरे संपलेले. मावशींनी स्वतःच्या गळ्यातला सोडून मला बांधला.

"आणि तुमचा गळा मोकळा?"

"आमचं मालक लई चिवट हायेत. घटकाभरानं काय व्हत न्हाई."

मशीनमध्ये हलायचं नव्हतं, पण मला हसू आवरेना. चित्रं हलली. सगळं स्कॅनिंग पुन्हा करावं लागलं, आणि मावशींचा गळा तेवढा वेळ आणखी मोकळा राहिला.