कुठलं गाव?

आमच्या निपाणीच्या डेअरीत कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या अण्णांना अर्धवट सांगितलेलं चालत नाही. "अण्णा, चहा सांगा की," म्हटलं, की लगेच, "कुणाकुणाला? साखरेचा का बिनसाखरेचा?" घरून बायकोचा फोन आला तरी तेच. "आणतो की भाजी, पण कुठली ते सांग की गं." मला लई वैताग यायचा. माणसानं थोडं आपल्या मनानं समजून घ्यावं की नाही?

गेल्या आठवड्यात अण्णा चिकोडीला लग्नाला गेले आणि बोरगावच्या दुधाच्या जुन्या नोंदी पुसायचं काम माझ्याकडं आलं. त्यासाठी अण्णांनीच लिहिलेली शेल स्क्रिप्ट, म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम आहे. तिच्या नावापुढं आर्ग्युमेंट म्हणून गावाचं नाव टाकायचं, की तेवढ्याच गावच्या जुन्या नोंदी जातात. मी घाईत नुसतं स्क्रिप्टचं नाव टाइप करून एंटर दाबलं. बोट उचललं आणि ध्यानात आलं, गाव दिलंच नव्हतं! म्हणजे सगळ्याच गावांच्या नोंदी गेल्या की काय?

स्क्रीनवर एकच ओळ आली: "कुठलं गाव? सांगितल्याबिगर मी कायबी पुसणार न्हाय."

माझा जीव भांड्यात पडला. अण्णाच शेजारी बसून बोलल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते आल्या आल्या मी म्हटलं, "अण्णा, वाचवलंत बघा."

"कुणाला? कशातनं?"

मी त्यांच्याजवळ खुर्ची ओढली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, गावाच्या नावासकट.