कैऱ्यांच्या बरणीशेजारचा फ्लास्क

निशिगंधा रागावली नाही, याचंच मला आधी आश्चर्य वाटलं.

ती माझी शेजारीण. मी मराठी घेऊन बी.ए. झाले, ती सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते. मे महिन्यात कॉलेज बंद, म्हणून तिनं आपला फ्लास्क घरी आणला होता. उजेड हवा, म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. शेजारी तिच्या आईची, गंगाकाकूंची, खारातल्या कैऱ्यांची बरणी.

फ्लास्कात वेळणेश्वरजवळच्या त्यांच्या खाजण जमिनीतलं निळं-हिरवं शेवाळ होतं. खाडीचं पाणी शिरून तिथं भात धड येत नाही. "शेवाळाचं पीक मात्र दरवर्षी उत्तम," असं तिचे बाबा मुंबईहून फोनवर म्हणत. निशिगंधानं त्याला गोड्या पाण्याची सवय लावली होती. आता थोडं थोडं मीठ वाढवून ते कसं तग धरतं हे पाहायचं होतं. दुसरा नमुना नव्हता. कॉलेजातल्या फ्लास्कांत बुरशी शिरली होती आणि हे ज्यातून आणलं ते खाजणातलं डबकं भराव टाकून बुजवलं होतं.

त्या दुपारी आम्ही दोघी बाजारातून आलो, तर फ्लास्क गळ्यापर्यंत भरलेला.

"पाणी उतरलं होतं, गो," काकू म्हणाल्या. "कैऱ्या उघड्या पडल्या की नासतात. बरणीत मिठाचं पाणी घातलं, उरलं ते ह्यात घातलं."

"आये, ह्यात कैऱ्या दिसल्या तुला?"

"मला वाटलं, तुझंपण कायतरी मुरत असेल."

निशिगंधा फ्लास्क उजेडात धरून बघत राहिली. हिरवा रंग फिकटला होता. तळाशी गुठळ्या.

"पाणी उकळलेलं होतं ना?"

"उकळून गार केलेलं. मी काय कच्चं घालीन?"

"बरं केलंस," ती म्हणाली आणि फ्लास्क होता तिथंच ठेवला.

"मेलं का ते?" मी विचारलं.

"माहीत नाही. थांबायचं."

मग तिनं बरणीतली एक कैरी काढली. सुरकुतलेली. म्हणाली, आत्ता शेवाळाचं असंच झालंय. पेशीतलं पाणी मिठानं ओढून घेतलं. वर सोडियम आत घुसतोय. पेशीच्या पडद्यावर पंप असतात, ते सोडियम बाहेर फेकतात आणि त्याच्या जागी पोटॅशियम आत घेतात. पण हे तात्पुरतं. खरा इलाज पुढे. पेशी आत एक साखरेसारखं द्रव्य बनवते. बाहेर मीठ, आत गोडवा, की तोल सांभाळला. पाणी परत आत येतं.

"ते बनवायचं कसं, हे त्याला कोण सांगतं?"

"बनवणारं एन्झाइम आधीच हजर असतं. डीएनएला चिकटून, गप्प. मीठ वाढलं की सुटतं आणि कामाला लागतं."

चार भिंतींच्या स्वयंपाकघरात मी उभी होते आणि हे ऐकत होते. इतकी वर्षं मी कवितांत प्रतिमा शोधत होते.

काकू म्हणाल्या, "म्हणजे मीठ घातलं की गोड होतं? तुझ्या आत्याला घालून बघायला हवं."

निशिगंधा हसली. पण फ्लास्ककडे बघणं तिनं सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी रंग तसाच फिकट. काकू जेवल्या नाहीत. "पोरीचं वर्ष गेलं माझ्यामुळं," एवढंच म्हणाल्या. बरणी त्यांनी उचलून कपाटात ठेवली.

त्यानंतरच्या सकाळी मी चहाला गेले, तर मायलेकी खिडकीशी डोकं लावून उभ्या. फ्लास्कात उजेडाच्या बाजूला हिरवी कड धरली होती. तिच्यावर बारीक बुडबुडे.

"श्वास घेतायत गो," काकू म्हणाल्या.

"सोडतायत, आये. ऑक्सिजन."

"घेतील पण. जिवंत आहेत तर घेतील."

निशिगंधानं आईला घट्ट मिठी मारली. काकूंच्या हातातली चहाची गाळणी मध्येच चेपली.

जूनमध्ये कॉलेज उघडल्यावर तिनं आम्हा दोघींना प्रयोगशाळेत नेलं. तिच्या मॅडमनी विचारलं, मीठ एकदम कसं वाढवलं? निशिगंधानं आईकडे बोट दाखवलं. मॅडमनी काकूंना बसायला स्टूल दिलं.

काकूंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पुष्कळ वेळ लावला.

"हिरवे मणी दिसतात. साखर कुठाय?"

"ती नाही दिसत."

"मग आहे कशावरून?"

"मणी जिवंत आहेत, त्यावरून," निशिगंधा म्हणाली.

काकूंनी मान हलवली आणि दुसरा डोळा लावला.