आधी माल, मग चहा

आमच्या ह्यांना शालीचा तिटकारा होता. कुणाच्या सत्काराचं बोलावणं आलं की म्हणायचे, "सत्कार म्हणजे तोंडात कोंबलेला पेढा. तोंड भरलं की माणूस बोलणार कसा?" मी चिडवायची, "कोल्ह्याला द्राक्षं आंबट! जन्मभर एसटीत कंट्रोलर होतात, निरोपाच्या दिवशी धड नारळ तरी मिळाला का?" मिळाला होता, पण नासका निघाला होता. त्यावरून आम्ही दोघं कितीतरी दिवस हसत होतो.

निवृत्त झाल्यावर माणूस घरात बसेल, भाजी निवडायला हात लावील, असं मला वाटलं होतं. कसलं काय! नांदेडात आमच्याच गल्लीत उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर राहतात. ते सकाळी "भाभी" म्हणत यायचे, चहा प्यायचे आणि दोघं बाहेर पडायचे. कुठं? तर सरकारी खरेदी बघायला. शाळेसाठी, वसतिगृहासाठी, दवाखान्यासाठी सरकार जे विकत घेतं, चादरी म्हणा, ताटं म्हणा, पंखे म्हणा, ते ठरल्यासारखं येतं का न्हाई, हे बघायला गावातल्या चार रिकाम्या माणसांनी एक गट केला होता. पगार नाही, भत्ता नाही. शेजारीण म्हणायची, "कशाला ह्या लष्कराच्या भाकरी भाजतात हो तुमचे?" मी म्हणायची, "भाजू दे बाई. घरातल्या तर मलाच भाजायच्या हायेत."

काम तसं सोपं होतं. टेंडर भरताना पुरवठा करणारा एक नमुना देतो. त्याला लाखेचं सील लागतं, सह्या होतात, तो ऑफिसात ठेवतात. पुढं माल आला की नमुना शेजारी ठेवून बघायचं. सारखा असला तर घ्या, नसला तर गाडी माघारी. पण बघायला कुणी जातच नाही, तिथंच तर पाणी मुरतं. हे जायचे. आणि त्यांचा एक नेम होता: आधी माल, मग चहा. माल तपासून होईस्तोवर तिथलं पाणीसुद्धा तोंडाला लावायचं नाही. रुमालात बांधलेली भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याची बाटली घेऊन जायचे. मास्तर मला म्हणायचे, "भाभी, इनके साथ रहे तो बारा महिने रोजा है!"

किनवटकडं जंगलात मुलींची एक निवासी शाळा आहे. तिथल्या पोरी जमिनीवर झोपायच्या. पावसाळ्यात सतरंजीखाली विंचू निघायचे. हे एकदा ताटं बघायला गेले होते, तेव्हा एका पोरीच्या सुजलेल्या हाताला चुना लावलेला बघितला. आल्यावर ताट बाजूला सारलं, जेवलेच नाहीत. त्या पोरींना खाटा मिळाव्यात म्हणून मग किती चकरा मारल्या, किती साहेबांपुढं उभे राहिले, विचारू नका. शेवटी खाटा मंजूर झाल्या, लोखंडी, वर एक झोपेल खाली एक, अशा. नमुना आला त्या दिवशी दोघा म्हाताऱ्यांनी ऑफिसातच त्याच्यावर चढून बघितलं. वरून मला फोन: "अगं, रेल्वेच्या बर्थवर बसल्यासारखं वाटून राहिलं!" मागून मास्तरांचं हसू ऐकू येत होतं.

माल शाळेत पोचला त्या दिवशी हे आणि मास्तर सकाळच्या गाडीनं किनवटला गेले. पुढचं मला ह्यांनीच सांगितलं, एकदा नाही, अनेकदा. मांडव घातला होता. पोरी ओळीनं उभ्या होत्या, स्वागतगीत झालं. स्टेजवर बोलावलं तेव्हा ह्यांनी हात वर करून सांगितलं, "आधी माल." साहेब हसले, पुरवठादार हसला. आणि शाल घेऊन आलं कोण? एक पोरगी. वेणीला लाल रिबिनी, दोन्ही हातांवर शाल धरलेली, पडेल म्हणून जपून पाऊल टाकणारी. साहेबानं शाल पुढं केली असती तर ह्यांनी तिथंच झिडकारली असती. पण लेकराला नाही कसं म्हणायचं? तिचा हात खांद्याला पुरेना, म्हणून हे वाकले. आम्हाला लेक नाही. त्या हाताचं ह्यांना काय वाटलं असेल, ते मला ठाऊक आहे. मास्तरपण वाकले. फोटो निघाला.

मग हार, नारळ, भाषणं, पुऱ्या, जिलेबी. एकदा शाल घेतल्यावर ताटाला नाही म्हणता येतं होय? पुढच्या खोलीत जोडून ठेवलेली एक खाट ह्यांनी हलवून बघितली. पक्की होती. बाकीच्या मागं ढीग घालून ठेवलेल्या. "जोडायच्या राहिल्यात काका, जोडल्या की कळवतो," असं कुणीतरी म्हणालं. तोवर परतीच्या गाडीची वेळ झाली. रुमालातली भाकरी तशीच घरी आली.

घरी आल्यावर ह्यांनी शाल पांघरून मला दाखवली. मी म्हटलं, "अगंबाई, नवरदेव दिसून राहिलात की!" तर लाजले. ह्या वयात लाजले! "लई गोड पोरगी होती गं," एवढंच म्हणाले आणि शाल नीट घडी घालून कपाटात ठेवली.

पावसाळ्यात शाळेतून फोन आला. मागच्या खोलीतली खाट पोरी झोपेत असताना कोसळली होती. पाइप पत्र्यासारखा पातळ होता, जोडाशीच दुमडला. वरची पोरगी वाचली. खालच्या पोरीच्या कमरेवर सगळं लोखंड आलं.

आम्ही दोघंही गेलो. दवाखान्यातून तिला घरी, पाड्यावर आणलं होतं. पाय ओढत चालत होती, चेहरा कसा कोवळा. बापानं बसायला घोंगडी टाकली, चहा ठेवायला लावला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "साहेब, पोरगी भीत व्हती खाटंला. म्हणायची, हलते. म्या म्हणलं, एसटीवाल्या साहेबानं बघून घेतल्यात, झोप बिनघोर."

ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. माझ्या लग्नाला एवढी वर्षं झाली, ह्यांना रडताना मी पहिल्यांदा बघितलं, तेही परक्याच्या ओसरीवर. ती पोरगी पुन्हा शाळेत गेली नाही.

मग हे ऑफिसच्या पायऱ्या झिजवायला लागले. सगळ्या खाटा काढा, नमुन्याशी लावून बघा, एवढंच मागणं. साहेबानं फाईल उघडून तो फोटो पुढं ठेवला. बिलालाच जोडलेला होता, खाली लिहिलेलं, नागरिक समितीनं मालाबद्दल समाधान व्यक्त केलं. "काका, ह्यात तर तुम्ही हसून राहिलात." आणि नमुन्याची खाट? "ती पण शाळेलाच दिली की, मालात धरून." म्हणजे पुढच्या खोलीत ह्यांनी हलवून बघितली ती नमुन्याचीच खाट होती, ते तेव्हा कळलं. वर साहेब म्हणाला, "बसा, चहा घ्या."

मेल्यांनो, चहा घ्या म्हणता! मला आजही राग येतो, भाकरी थापताना येतो, देवापुढं बसले तरी येतो. चोरी ज्यानं केली तो नवीन गाडी फिरवतो, आणि गल्लीतली माणसं ह्यांना ऐकू जाईल असं बोलायची, "शाल घेतली ना, मग आता कशाला बोंबलायचं?" मास्तर यायचे, पण दोघं नुसते बसायचे. मास्तर एकदा म्हणाले, "चूक दोनों की है, तुम अकेले काहेको उठाते?" भाकरीचा रुमाल खुंटीवर लटकलेला असायचा, हे त्याच्याकडं बघत राहायचे. एक दिवस मला म्हणाले, "ऐक, मेल्यावरबी माझ्या अंगावर शाल टाकू देऊ नको."

एका सकाळी ऑफिसात जायला निघाले, उंबऱ्यात बसून बुटाची नाडी बांधता बांधता कलंडले. डॉक्टरनं हृदय सांगितलं. मला विचाराल तर ह्यांना त्या फोटोनं मारलं.

औश्याजवळच्या आमच्या गावी नेलं. आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला निजवून नाही, बसवून नेतात. कपाळाला विभूती लावून, गळ्यात हार घालून ह्यांना बसवलं होतं. बायकांनी मला आत धरून ठेवलं होतं. बाहेर आले आणि बघते तर काय, येणारा जाणारा पाया पडतोय आणि शाल घालतोय. पुन्हा त्या मांडवातल्यासारखे बसलेले, पुन्हा तसाच हार, आणि शालीवर शाल. माझ्या डोक्यात काय झालं कुणास ठाऊक. मी पुढं होऊन एक एक शाल ओढून काढली. जाऊ म्हणाली, "अगं, येड लागलं काय?" विधी सांगणारे जंगम स्वामी थांबले. कुणी मला आवरायला धजावेना. मागून मास्तरांचा आवाज आला, "ठीक किए भाभी, ठीक किए." ह्यांच्या अंगावर शेवटी त्यांचा रोजचा पांढरा सदराच राहिला, आणि तसेच गेले.

घरात मन लागेना. दिवस झाल्यावर मी मास्तरांना म्हटलं, चला. रुमालात भाकरी बांधली. किनवटला शाळेत पोचलो तर बाई नव्या आलेल्या. स्वभावानं चांगल्या. मास्तरांनी सांगितलं ह्या कोण, तशा त्या गहिवरल्या, खुर्च्या आणल्या आणि शिपायाला म्हणाल्या, "कपाटातली शाल आण, नारळ आण. आजी पहिल्यांदा आल्यात." त्या बिचारीला काय माहीत?

मी म्हटलं, "बाई, आधी माल." तेवढे दोन शब्द ह्यांना त्या दिवशी धरून ठेवता आले असते तर! मास्तर भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

मागच्या खोलीत खाटा तशाच होत्या. जोडाजोडाला चिंध्या बांधलेल्या होत्या, फाटक्या ओढण्यांच्या, परकराच्या नाड्यांच्या, गाठीवर गाठ. मी एक खाट हलवली, ती सगळी डगमगली. पोरी भोवती गोळा झाल्या. एकजण मोठ्या माणसासारखी समजूत काढत म्हणाली, "भिऊ नका आजी. आमीच बांधल्यात. आता न्हाई पडत."

मी विचारलं, "वर कोण झोपतं गं?"

"पहिलीतल्या पोरी," ती म्हणाली. "त्या हलक्या हायेत ना."