आमच्या सेन्सरवरची काळी टेप

मंडळी, डोकं फिरलंय, म्हणून लिहून राहिली.

आमचा फायनल इयरचा प्रोजेक्ट एका कारखान्यानं स्पॉन्सर केला होता. पत्रा कापायच्या प्रेसमध्ये हात गेला की मशीन बंद करणारा सेन्सर. तिथल्या ऑपरेटर भैयांची दोन बोटं गेली, तेव्हा हे काम निघालं. मागच्या महिन्यात आम्ही नारळ फोडून सेन्सर बसवला. मालकांनी फोटो काढले.

आज गाइड सरांसोबत प्रोजेक्टच्या सर्टिफिकेटवर कारखान्याची सही घ्यायला गेलो, तर सेन्सरवर काळी टेप.

मी टेप काढली. त्याच भैयांनी ती माझ्या हातून घेतली अन् परत चिकटवली.

"दीदी, ये बार-बार मशीन रोकता है। माल कम निकला तो साहब हमको निकाल देंगे। आप तो चली जाओगी।"

मी गाइड सरांकडे पाहिलं. ते हळूच म्हणाले, "सही घे अन् चल."

मॅनेजरनं 'समाधानकारक' लिहून सही केली. मी घेतली.

उद्या कॉलेजात मॉडेलवर डेमो आहे. मी हात आत घालीन, मशीन थांबेल, सगळे टाळ्या वाजवतील.

तुम्ही माझ्या जागी काय केलं असतं? खरं सांगा, मले बरं वाटावं म्हणून नको.